पालकाची शेवई, बिटाचा पास्ता आणि तासांचा हिशोब

(बचत गटांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात, हाताने रंगीत पास्ता करण्याच्या प्रात्यक्षिकानंतर झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळच्या प्रात्यक्षिकानंतर दोघी-तिघी मला म्हणाल्या, "ताई, इतकी वर्षं आपण बाईला चुलीपासून मोकळं करायचं म्हणतोय आणि शिबिरात पुन्हा परात-पोळपाटच पुढ्यात आला!" प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर एवढंच की परात आपण मांडली नाही, ती आधीच मांडलेली आहे. तुमच्यातल्या एका गटाकडे शहरातल्या एका व्यापाऱ्याने महिन्याला १०० किलो रंगीत पास्त्याची मागणी नोंदवली आहे. पालकाचा हिरवा, बिटाचा लाल, भोपळ्याचा केशरी. भाव २२० रुपये किलो. माल "हाताने केलेला" हवा, अशी अट आहे. गटातल्या बायका खूश आहेत, कारण शेवया कधी कुणी २२० रुपयांना मागितल्या नव्हत्या. ही मागणी घ्यायची की नाही, यावर आज बोलायचं आहे. पण आधी ही वस्तू काय आहे आणि जिथून आली तिथे ती कोणाच्या हातांनी होते, हे पाहू.

पास्ता म्हणजे पीठ आणि पाणी, किंवा पीठ आणि अंडं. इटलीच्या उत्तर भागात, बोलोन्या शहराच्या आसपास, मऊ गव्हाच्या मैद्यासारख्या पिठात अंडी घालतात. १०० ग्रॅम पिठाला १ अंडं, हे तिथल्या प्रत्येक घरातलं माप. दक्षिणेत मात्र कडक गव्हाचा रवा आणि कोमट पाणी, बस. दक्षिण इटली गरीब होती, रोज अंडी कुठून आणणार? आपल्याकडे बन्सी म्हणून जो गहू मिळतो तो याच कडक जातीचा. त्यामुळे आपण सकाळी जो गोळा मळला तो दक्षिण इटलीतला म्हणा किंवा आपल्या शेवयांचा म्हणा, फार फरक नाही. शेवया, सरगुंडे, गव्हले, नखुले, मालत्या, बोटवे ही सगळी त्याच कुळातली मंडळी आहेत. चिमटीत वळले की गव्हले, नखाने दाबले की नखुले. इटलीच्या पुल्या प्रांतात सुरीच्या टोकाने पिठाचा तुकडा ओढून अंगठ्यावर उलटा करतात, त्याला म्हणतात ओरेक्किएत्ते, म्हणजे छोटे कान. आपल्या आज्यांनी ते पाहिले असते तर एका बैठकीत शिकल्या असत्या.

इटलीला लागून सार्डिनिया नावाचं बेट आहे. तिथल्या नुओरो भागात मोजक्या बायका एक शेवई करतात, तिचं नाव सु फिलिन्देउ, म्हणजे देवाचे धागे. रव्याचा गोळा हातात धरून ओढायचा, दुमडायचा, पुन्हा ओढायचा. असं ८ वेळा केलं की एकाचे २५६ धागे होतात. मग ते गोल ताटलीवर तिरके, एकावर एक असे ३ थर देऊन वाळवायचे. लुला गावच्या जत्रेला पायी येणाऱ्या यात्रेकरूंना मटणाच्या रश्श्यात ते घालून देतात. आपल्याकडे हातावरच्या शेवया ओढणाऱ्या बायकांचं तंत्र हेच. पिठाला कधी पाण्याचा हात लावायचा, कधी मिठाच्या पाण्याचा, हे बोटांना कळतं, सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही म्हणूनच त्याला कोणी विद्या म्हणत नाही. "बायकांना ते येतंच" असं म्हणून विषय संपवला जातो.

आता रंगाकडे येते, कारण तुम्हाला माल टिकवायचा आहे.

हिरवा पास्ता इटलीत जुना आहे. बोलोन्याची लझान्या पालकाच्या हिरव्या पोळ्यांचीच करतात. पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्या एकत्र शिजवल्या की त्याला "पेंढा आणि गवत" म्हणतात, शेतकऱ्याने ठेवलेलं नाव वाटतं. पालकाचा हिरवा रंग नाजूक असतो. उष्णता आणि आंबटपणा लागला की त्यातला मॅग्नेशियमचा कण सुटतो आणि हिरव्याचा शेवाळी होतो. म्हणून पालक उकळत्या पाण्यात मिनिटभरच ठेवायचा, लगेच गार पाण्यात टाकायचा आणि मग पिळायचा. नीट पिळायचा, धुण्यासारखा. पाणी राहिलं तर गोळा सैल होतो, मग तुम्ही वर रवा घालत बसता आणि रंग फिका होतो. सकाळी एकीने विचारलं, सोडा घालू का? सोड्याने हिरवा टिकतो खरा, पण त्याने जीवनसत्त्वं जातात आणि चव साबणासारखी लागते. घालू नका.

बिटाचं उलटं आहे. त्याचा लाल रंग पाण्यात विरघळतो आणि उष्णतेने फिका पडतो. करताना तोंडात पाणी सुटेल असा लाल, शिजवल्यावर विटकरी गुलाबी. पास्त्याऐवजी भांड्यातलं पाणीच लाल होतं. बिट सालासकट उकडायचं, नंतर सोलायचं, म्हणजे रंग कमी गळतो, आणि वाटताना लिंबाचे चार थेंब टाकायचे, थोड्या आंबटपणात हा रंग जास्त तग धरतो. तरी गिऱ्हाईकाला आधीच सांगा की शिजल्यावर रंग उतरेल. सांगितलं नाही तर तक्रार येते आणि तक्रार आली की व्यापारी पैसे कापतो.

सगळ्यात शहाणा रंग भोपळ्याचा आणि गाजराचा. तो पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतो. म्हणून उकळत्या पाण्यातून जसाच्या तसा बाहेर येतो. नवीन गटाने सुरुवात भोपळ्याने करावी असं माझं मत आहे. भोपळा स्वस्तही आहे आणि घरात महिनोन् महिने टिकतो.

माप लिहून घ्या. १ किलो बन्सी रव्याला पाऊण किलो निवडलेला पालक. तो उकडून पिळला की पाव किलोच्या आसपास लगदा होतो. त्यात साधारण पाव लिटर कोमट पाणी, तेही एकदम नाही, लागेल तसं. गोळा पुरीच्या कणकेहून घट्ट हवा. दहा-पंधरा मिनिटं तळहाताच्या टाचेने मळायचा आणि ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवायचा. हा अर्धा तास वाचवू नका. रवा पाणी पितो, पीठ सैलावतं आणि मग लाटताना मागे ओढलं जात नाही. वाळवायचं सावलीत, वाऱ्याला, जाळीवर. आपल्याला कुरडया-पापड कडक उन्हात घालायची सवय आहे, पण रंगीत पास्ता उन्हात घातला की रंग उडतो आणि तुकडे तडकतात. अंडं घातलेला पास्ता वाळवून विकायच्या भानगडीत घरगुती गटाने पडू नये. दमट हवेत त्यात जंतू वाढतात. तो त्याच दिवशी खायचा, फार तर फ्रीजमध्ये दोन दिवस.

आणि एक विनंती. पाकिटावर "रक्तवाढीसाठी पालक पास्ता" असलं काही छापू नका. एका माणसाच्या ताटात ८० ग्रॅम पास्ता गेला तर त्यातून ६० ग्रॅम पालक पोटात जातो, तोही उकडून, पिळून, वाळवून. नसल्यापेक्षा बरा, पण वाटीभर भाजीची जागा तो घेत नाही. शिवाय पालकातलं लोह शरीराला फार थोडं मिळतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. त्यातल्याच काही जणी हा पास्ता वळणार आणि त्यावर रक्तवाढीचं लेबल चिकटवणार, ही थट्टा आपणच आपली करायची का?

आता जिथला पास्ता तिथल्या बायकांबद्दल.

बोलोन्या भागात पिठाची मोठी पोळी लाटणाऱ्या बाईला स्फोलीना म्हणतात. तिचं लाटणं बिनमुठीचं, हातभर लांब, आणि पोळी टेबल भरेल एवढी. ती इतकी पातळ लाटते की पलीकडचं दिसावं. या शहराच्या व्यापारी मंडळात १९७२ साली एक सोन्याची पट्टी ठेवली गेली. ताल्यातेल्ले नावाच्या पास्त्याची शिजल्यावर रुंदी ८ मिलिमीटर असली पाहिजे, याचा तो नमुना. शहराच्या जुन्या मनोऱ्याच्या उंचीशी तिचं गणित जुळवलं आहे. पट्टीची रुंदी सोन्यात जपून ठेवावीशी वाटली. ती पट्टी कापणाऱ्या बाईच्या तासाचा दर मात्र सोन्यात सोडा, कागदावरही कोणी मांडला नाही.

पुरुषांनी पास्त्यावर भांडणंही केली आहेत. १९३० च्या डिसेंबरात मारिनेत्ती नावाच्या कवीने जाहीरनामा काढला की पास्त्याने इटालियन पुरुष सुस्त होतो, तो बंद करा. मागे कारण होतं मुसोलिनीच्या राजवटीचं. परदेशी गहू आणायचा नाही म्हणून १९२५ पासून "गव्हाची लढाई" चालू होती. देशभर वाद झाला. रोज तो लाटायचा कंटाळा आलाय का, हे लाटणारीला विचारावं असं त्या वादात कोणाला सुचलं असेल असं मला वाटत नाही.

विचारलं गेलं ते १९७२ मध्ये, आणि ते बायकांनीच एकमेकींना विचारलं. त्या वर्षी उत्तर इटलीतल्या पादोवा शहरात काही बायका जमल्या. मारियारोसा दाल्ला कोस्ता, सेल्मा जेम्स, सिल्विया फेदेरीची ही त्यातली नावं. घरकामाला मोबदला मिळाला पाहिजे, ही मागणी घेऊन आंतरराष्ट्रीय चळवळ तिथून उभी राहिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. कारखान्यात कामगार दुसऱ्या दिवशी पोट भरून, धुतलेले कपडे घालून हजर होतो, ते कोणाच्या श्रमावर? मालक एकाला मजुरी देतो आणि काम दोघांचं घेतो. या मागणीवर तेव्हा चळवळीतच खूप वाद झाला आणि आजही आहे. मोबदला दिला तर बाई कायमची स्वयंपाकघरात खिळेल, असं अनेकजणींना वाटलं. मला स्वतःला ही भीती खोटी वाटत नाही. पण त्या मागणीने एक गोष्ट केली. जे माया म्हणून, संस्कार म्हणून, हौस म्हणून खपत होतं, त्याला "काम" हा शब्द लावला.

पुढे त्याच देशात १९९९ साली एक कायदा झाला. घरकाम करणाऱ्यांना घरातल्या अपघातांसाठी सक्तीचा विमा. २०१९ पासून त्याचा हप्ता वर्षाला २४ युरो आहे. उत्पन्न फारच कमी असेल तर तो सरकार भरतं. घरात काम करताना कायमचं मोठं अपंगत्व आलं तर पेन्शन मिळते. छोट्या दुखापतींना काही मिळत नाही, हप्ता बाईनेच भरायचा, या त्रुटी आहेतच. पण तेलाने भाजणं, शिडीवरून पडणं याला "कामावरचा अपघात" म्हणायला एक सरकार तयार झालं. आपल्याकडे कुरडयांचा उकळता चीक अंगावर सांडला तर म्हणतात, लक्ष कुठे होतं तुझं?

बारी शहराचं ताजं उदाहरण मुद्दाम सांगते, कारण ते तुमच्या मागणीला जवळचं आहे. बारीच्या जुन्या वस्तीत एका गल्लीत बायका दारात टेबल मांडून ओरेक्किएत्ते वळतात. जाळीवर वाळवतात आणि पिशव्या भरून विकतात. पर्यटक फोटो काढतात, शहराच्या जाहिरातीत या बायका असतात. २०१९ च्या ऑक्टोबरात तपासनिसांनी एका खानावळीला दंड केला, कारण तिथले ३ किलो ओरेक्किएत्ते कुठून आले याचा कागद नव्हता. नियम असा की खानावळीत वापरलेल्या मालाचा माग लागला पाहिजे. झालं, गल्लीत घबराट. आता पावत्या फाडायच्या का, केसांना जाळी लावायची का, कर भरायचा का? पुढे २०२४ मध्ये तिथे विकला जाणारा काही माल मुळात कारखान्यातला असल्याची तक्रार झाली आणि चौकशी लागली.

या गोष्टीत कोण बरोबर? मला कोणाचीच बाजू पूर्ण घेता येत नाही. खाणाऱ्याला आपण काय खातो हे कळण्याचा हक्क आहे. पण शहराने त्या बायकांना शोभेची वस्तू म्हणून वापरलं तेव्हा त्यांच्याकडे परवाना आहे का, हातपाय धुवायला जागा आहे का, म्हातारपणी पेन्शन आहे का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते थेट दंडाची पावती हातात घेऊन. तेव्हा तुमच्या गटाने अन्न परवान्याची नोंदणी पहिल्या आठवड्यात करून घ्यावी, आणि ती गटाच्या नावावर करावी. व्यापारी म्हणेल, "माझ्या नावावर आहे ना, तुम्ही कशाला त्रास घेता?" नोंदणी त्याच्या नावावर असली की माल त्याचा होतो आणि तुम्ही त्याच्या मजूर होता, तेही कागदावर नसलेल्या.

आपल्याकडचा इतिहासही इथे आठवावा लागतो. शेवया-पापड-सांडगे ही आपल्याकडे उन्हाळ्यातली सामुदायिक कामं होती. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. त्यात गाणी होती, चेष्टा होती, सासूविरुद्ध मन मोकळं करणं होतं. हे सगळं खरं आहे आणि मला त्याची ओढ आहे. पण त्याच लग्नघरी सांडगे-पापडाचा मुहूर्त करायला सवाष्णच लागायची. जिचा नवरा गेला ती घरात आयुष्यभर गव्हले वळत आली असली तरी मुहूर्ताच्या दिवशी तिने मागे सरायचं. रुखवतात ताटं भरून गव्हले मांडले जायचे, ते वरपक्षाने पाहायचे. बोटं कोणाची दुखली ते ताटावर लिहिलेलं नसायचं. म्हणून "जुनी परंपरा जपू या" असं कोणी म्हणालं की मी विचारते, कोणती? त्यातली ओवी जपायची की तो मुहूर्त?

हाताने करण्याचं कौतुकही मला जरा जपूनच वाटतं. पाटावर शेवया करताना खांदे भरून येतात, कंबर धरते. शेवयांचं यंत्र गावात आलं तेव्हा बायकांना हायसं वाटलं आणि ते योग्यच होतं. फक्त यंत्र आल्याबरोबर बहुतेक ठिकाणी ते एखाद्या पुरुषाच्या मालकीचं झालं. तो उन्हाळ्यात किलोमागे पैसे घेऊ लागला. कणीक बाईची, रांग बाईची, वाळवण बाईचं, आणि मिळकत मात्र यंत्रवाल्याची. आता शहरातल्या माणसाला यंत्राचा कंटाळा आला, म्हणून पुन्हा "हाताने केलेला" माल हवा आहे. हवा असेल तर द्यायला हरकत नाही. हाताची किंमत मोजून द्यायला सांगायचं, एवढंच.

तर मोजू या. सकाळी मी एकीला घड्याळ घेऊन बसवलं होतं, ते यासाठी. १ किलो रव्याचा हिरवा पास्ता झाला. पालक निवडणं, धुणं, उकडणं, पिळणं, वाटणं यात ४० मिनिटं गेली. मळण्यात २० मिनिटं. चौघींनी मिळून पाऊण तास कान वळले, म्हणजे ३ तासांचं काम. वाळत घालणं, उलथणं, परात-पातेली घासणं आणि ओटा पुसणं मिळून १ तास. एकूण ५ तास. भांडी आणि ओटा धरायचा का, असं एक मैत्रीण विचारत होती. धरायचा. कारखान्यात यंत्र पुसणाऱ्याला पगार असतो.

सामान पाहा. रवा ७० रुपये, पालक ४०, गॅस-मीठ-पाणी १०. पाकीट, लेबल आणि वाहतुकीचा वाटा २० धरू. झाले १४०. व्यापारी देतो २२०. उरले ८०. ५ तासांना ८० रुपये, म्हणजे तासाला १६ रुपये.

आता हे कशाशी ताडायचं? २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. ८ तासांनी भागा, तासाला ३९. मी कुशल कामाचा दर म्हणत नाही, मातीकामाचा म्हणतेय. त्या दराने ५ तासांचे १९५ होतात, त्यात सामानाचे १४० मिळवले की ३३५. म्हणजे ३३५ च्या खाली एक किलो विकला तर तुम्ही पदरचं घालून शहराला पास्ता खाऊ घालताय. तुटफूट, पावसाळ्यात बुरशी आलेला एखादा घाणा, हे धरलं तर ३५० च्या खाली बोलणीच करू नये. हात बसला की वेळ कमी होईल, हे खरं आहे. बारीतल्या बायका बोलता बोलता किलोवर वळतात. पण हात बसल्याचा फायदा तुमचा झाला पाहिजे. तो आधीच भावातून कापून देऊ नका.

आणखी एक हिशोब आहे, तो पैशांचा नाही. महिन्याला १०० किलो म्हणजे ५०० तास. तुमच्या गटात १० जणी आहेत. प्रत्येकीला ५०, म्हणजे महिन्यातले २५ दिवस रोज २ तास. हे २ तास कुठून येणार? २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत आपली १० मिनिटं कमी झाली, आणि गंमत बघा, त्यांचीही ९ कमी झाली! आता या २८९ मध्ये पास्त्याची १२० मिळवा. पावणेसात तासांच्या वर जातं, आणि ज्यांना शेतावर जायचं असतं त्यांचं वेगळंच. म्हणून मागणी घेण्याआधी प्रत्येकीने घरी बसून ठरवायचं आहे की या २ तासांत घरातलं कोणतं काम दुसरं कोणी करणार. पाणी कोण भरणार, संध्याकाळच्या भाकऱ्या कोण करणार. नाव घेऊन ठरवा. "बघू, करू मिळून" असं उत्तर आलं तर समजा की तुमची झोप दोन तासांनी कमी होणार आहे.

काम घरी न्यायचं की एका जागी बसून करायचं, यावरही वाद झाला. लिज्जत पापडची सुरुवात १९५९ साली मुंबईत गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन केली. तिथे पीठ एका जागी मळतात आणि लाटण्या घरी जाते. पण ज्या लाटतात त्याच सभासद, त्याच मालक. घरी काम नेण्यात वाईट काही नाही, मालकी दुसऱ्याची असली की मग घात होतो. कारण घरी बसलेल्या बाईला शेजारणीला काय भाव मिळाला तेही कळत नाही. घरखेप कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. त्यामागे अहमदाबादच्या सेवा संघटनेची वर्षानुवर्षांची मेहनत होती. भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. तोवर निदान पहिले सहा महिने तरी समाजमंदिरात किंवा कोणाच्या पडवीत एकत्र बसूनच करा, असा माझा आग्रह आहे. पालक एकीने निवडायचा, लहान मूल एकीने सांभाळायचं आणि तिचेही तास वहीत मांडायचे.

शेवटी व्यापाऱ्याशी काय बोलायचं ते. रव्यासाठी निम्मी रक्कम आगाऊ मागा, गटाच्या बचतीतून त्याचा माल उभा करू नका. बिटाचा रंग उतरतो, तुकडे थोडे कमी-जास्त होतात, हे लेखी घालून घ्या आणि माल परत करायची मुदत ठरवा. सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. गटाची उद्यम नोंदणी असेल तर खरेदीदाराने ठरल्या मुदतीत, आणि काही झालं तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज लागतं. नोंदणी फुकट होते, आधार क्रमांकावर, तालुक्याच्या ठिकाणी कोणीही करून देईल, मात्र त्यासाठी हजार-हजार रुपये मागणाऱ्यांपासून सांभाळा. पहिल्या महिन्यात १०० नाही, २५ किलो द्या. तेवढ्यात तुमचा खरा वेळ कळेल, माझं सकाळचं घड्याळ चुकीचं ठरलं तर ठरू दे. आणि बोलायला एकटी अध्यक्ष जाऊ नये. चौघी जा, त्यातली एक जी रोज वळते ती असावी, आणि वही बरोबर न्या.